मुद्राचित्र कार्यशाळा

मुद्राचित्र कार्यशाळा म्हणजे चित्रकाराने लाकूड, धातूचा पत्रा, दगड किंवा जाळी यांवर तयार केलेल्या प्रतिमेचे कागदावर ठसे घेण्यासाठी लागणारी यंत्रे, शाया, रसायने आणि जाणकार कारागीर जेथे एकत्र असतात असे स्थान होय. अशा ठशाला मुद्राचित्र, तो करणाऱ्या कलावंताला मुद्राचित्रकार आणि या कलाप्रकाराला मुद्राचित्रण म्हणतात. जलरंग किंवा तैलरंग वापरणारा चित्रकार घरातील एका खोलीत काम करू शकतो. मुद्राचित्रकाराला मात्र जड दाबयंत्र, अम्लाचे हौद, पाण्याची सोय, कागद वाळविण्याची जागा आणि अनेकदा दुसऱ्या माणसाचे हात लागतात. त्यामुळे ही कला प्रारंभापासून सामायिक कार्यशाळांच्या आधाराने वाढली आहे.

व्यापारी छापखाना आणि कलावंतांची मुद्राचित्र कार्यशाळा यांची साधने मुळात एकच होती. व्यापारी मुद्रण जसजसे वेगवान यंत्रांकडे वळले, तसतशी मागे पडलेली यंत्रे आणि तंत्रे कलावंतांच्या हाती आली. दगडावरचे मुद्रण, हाताने फिरवायचे दाबयंत्र आणि खिळ्यांचे मुद्रण ही याची ठळक उदाहरणे होत. या कारणाने कलामहाविद्यालयांतील मुद्राचित्रणाच्या शिक्षणात कलावंतांच्या कार्यशाळांबरोबर व्यापारी छापखान्यांच्या भेटींनाही महत्त्व असते.

मुद्रणपद्धती आणि कार्यशाळेची रचना

मुद्राचित्र कार्यशाळेची मांडणी तेथे चालणाऱ्या मुद्रणपद्धतींवर ठरते. मुख्य पद्धती चार आहेत.

उत्थित मुद्रण

या पद्धतीत पृष्ठभागाचा नको असलेला भाग कोरून काढतात आणि उंच राहिलेल्या भागावर रुळाने शाई लावून ठसा घेतात. काष्ठठसा आणि लिनोकट हे यातील प्रमुख प्रकार होत. काष्ठठशासाठी लाकडाची उभ्या धाग्याची फळी वापरतात. सूक्ष्म काष्ठकोरीव कामासाठी मात्र लाकडाचा आडवा छेद घेतात. धाग्याची दिशा आड येत नसल्याने त्यावर धातूच्या कोरणीने अतिशय बारीक रेषा काढता येतात. इंग्लंडमधील टॉमस ब्युइक (१७५३–१८२८) याने या दुसऱ्या प्रकाराला पुस्तकांतील चित्रांसाठी मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. लिनोलियम मऊ आणि एकजीव असल्याने विद्यार्थ्यांना प्रथम लिनोकट शिकविण्याची प्रथा आहे. या पद्धतीला दाबयंत्र अनिवार्य नाही. कागदाच्या पाठीवर चमचा किंवा गुळगुळीत लाकूड घासूनही ठसा मिळतो.

उत्कीर्ण मुद्रण

यात शाई पृष्ठभागाच्या खोल भागात राहते. तांबे किंवा जस्ताच्या पत्र्यावर रेषा थेट कोरतात किंवा अम्लाने खोल करतात. अम्लाच्या साहाय्याने करावयाच्या प्रकाराला अम्लरेखन म्हणतात. पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा थर देतात, त्यावर सुईने रेखाटन करून धातू उघडा पाडतात आणि पत्रा अम्लात बुडवितात. उघड्या रेषा खाल्ल्या जातात. पत्रा जितका अधिक वेळ अम्लात राहील तितकी रेष खोल आणि छापल्यावर गडद होते. रेषांऐवजी सलग छटा हव्या असल्यास पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून ती तापवून चिकटवितात. अम्ल कणांच्या मधल्या फटींतून धातू खाते. या प्रकाराला ॲक्वाटिंट म्हणतात.

छपाईच्या वेळी शाई सगळ्या पत्र्यावर भरतात आणि खळ असलेल्या जाळीदार कापडाने, शेवटी तळहाताने, पुसून काढतात. खाचांतील शाई तेवढी राहते. भिजवून मऊ केलेला कागद आणि लोकरीचे जाड नमदे पत्र्यावर ठेवून तो पोलादी रुळांखालून नेला की कागद खाचांत दाबला जाऊन शाई उचलतो. पत्र्याच्या कडा कागद फाडू नयेत म्हणून त्या आधीच कानसून उतरत्या केलेल्या असतात. कागदावर उमटलेली पत्र्याची दबलेली चौकट ही उत्कीर्ण मुद्राचित्राची ओळख मानली जाते.

शिळामुद्रण

शिळामुद्रण किंवा शिळाछाप या पद्धतीत पृष्ठभाग सपाटच राहतो. आलॉइस सेनेफेल्डर (१७७१–१८३४) याने १७९६ ते १७९८ या काळात बव्हेरियात ही पद्धती शोधली. स्निग्ध पदार्थ आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे तिचे मूळ तत्त्व होय. बव्हेरियातील झोल्नहोफेन येथील बारीक कणांचा चुनखडीचा दगड यासाठी सर्वोत्तम मानला जातो. त्यावर स्निग्ध खडूने किंवा शाईने चित्र काढतात आणि डिंकाच्या पाण्यात नायट्रिक अम्लाचे थेंब घालून केलेले मिश्रण त्यावर फिरवितात. त्यानंतर दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरविल्यास शाई चित्राच्या भागालाच लागते. ओला भाग ती नाकारतो. प्रत्येक रंगाला सामान्यतः स्वतंत्र दगड लागतो आणि सर्व दगडांवरील प्रतिमा एकमेकींशी तंतोतंत जुळवाव्या लागतात.

काम संपल्यावर दोन दगडांमध्ये पाणी व वाळूसारखी घर्षणपूड घालून ते एकमेकांवर घासतात. यामुळे दगड पुन्हा वापरता येतो, परंतु त्यावरील जुने चित्र कायमचे नाहीसे होते. एकोणिसाव्या शतकातील असंख्य शिळाछापांचे मूळ दगड आज चित्रासह सापडत नाहीत, त्याचे हे एक कारण आहे.

जाळीमुद्रण

चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या जाळीतून रबरी पट्टीने शाई खाली दाबणे, ही जाळीमुद्रणाची किंवा स्क्रीन प्रिंटिंगची रीत होय. ज्या भागातून शाई जाऊ नये तो भाग कागदाने, लेपाने किंवा प्रकाशसंवेदी रसायनाने बंद करतात. या पद्धतीत प्रतिमा उलटी होत नाही. इतर पद्धतींत, कागद थेट पृष्ठभागावर दाबला जात असल्याने, ठसा आरशातल्याप्रमाणे उलटा येतो आणि अक्षरे असल्यास ती उलटीच कोरावी लागतात.

कार्यविभागणी

कार्यशाळेत चित्र काढणारा, पृष्ठभाग कोरणारा आणि छापणारा या तीन भूमिका एकाच व्यक्तीकडे असू शकतात किंवा वाटलेल्या असू शकतात. जपानमधील उकियो-ए काष्ठठशांमध्ये ही विभागणी काटेकोर होती. प्रकाशक भांडवल घाली, चित्रकार कागदावर रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या लाकडावर उतरवी आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठोकळा वापरून प्रती काढी. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जपानमध्येच या विभागणीला विरोध करणारी सोसाकु-हांगा ही चळवळ उभी राहिली. रेखाटन, कोरणे आणि छापणे ही तिन्ही कामे कलावंताने स्वतः करावीत, असा तिचा आग्रह होता. यामामोतो कानाए याचा १९०४ मधील कोळ्याचे चित्र असलेला काष्ठठसा या चळवळीचा आरंभबिंदू मानतात.

युरोपातील शिळामुद्रणात मुख्य मुद्रकाचे स्थान मोठे राहिले. दगड किती खरबरीत असावा, डिंकाच्या मिश्रणात अम्ल किती असावे, कागद किती ओला असावा हे निर्णय तो घेतो. चित्रकार मान्य करतो ती प्रत आदर्श प्रत म्हणून बाजूला ठेवली जाते आणि पुढील प्रत्येक प्रत तिच्याशी ताडून पाहिली जाते. पॅरिसमधील फेर्नां मूर्लो यांच्या कार्यशाळेत पाब्लो पिकासो याने १९४५ च्या अखेरीस काम सुरू केले. तेथील मुद्रकांच्या अनुभवाशी आपल्या प्रयोगांची सांगड घालत त्याने पुढील काळात मोठ्या संख्येने शिळाछाप निर्माण केले.

इतिहास

युरोप आणि अमेरिका

पंधराव्या शतकातील युरोपात चित्रकाराची कार्यशाळा आणि छापखाना जवळजवळ होते. आल्ब्रेख्त ड्यूरर हा १४८६ पासून न्यूरेंबर्ग येथील मिखाएल वोल्गेमुट याच्या कार्यशाळेत उमेदवारी करीत होता. याच कार्यशाळेने १४९३ च्या न्यूरेंबर्ग इतिवृत्तासाठी काष्ठठसे तयार केले. त्या ग्रंथाचा मुद्रक आंटोन कोबर्गर हा ड्यूररचा धर्मपिता होता. पुढे ड्यूररने स्वतःच्या काष्ठठशांचे मुद्रण व प्रकाशन हाती घेतले आणि मुद्राचित्राला स्वतंत्र कलाकृतीचा दर्जा मिळवून दिला.

एकोणिसाव्या शतकात छायाचित्रावर आधारित मुद्रणतंत्रे आली आणि चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाताने कोरणाऱ्यांकडून निघून गेले. त्यानंतर मुद्राचित्रण प्रामुख्याने कलावंतांच्या आवडीवर टिकून राहिले. १९२७ मध्ये स्टॅन्ली विल्यम हेटर या इंग्रज कलावंताने पॅरिसमध्ये कार्यशाळा सुरू केली. १९३३ मध्ये ती कांपान्य-प्रमिएर रस्त्यावरील १७ क्रमांकाच्या जागेत गेली आणि ‘आतलिए १७’ या नावाने प्रसिद्ध झाली. तेथे गुरू आणि शिष्य असा भेद न ठेवता सर्वजण एकत्र प्रयोग करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हेटरने ही कार्यशाळा न्यूयॉर्कला नेली आणि १९५० मध्ये तो पॅरिसला परतला.

अमेरिकेत शिळामुद्रणाचे कुशल मुद्रक दुर्मिळ झाल्याचे पाहून जून वेन हिने १९६० मध्ये फोर्ड प्रतिष्ठानाच्या साहाय्याने लॉस एंजेलिस येथे टॅमरिंड शिळामुद्रण कार्यशाळा स्थापन केली. चित्रकारांना संधी देण्याबरोबरच मुख्य मुद्रक घडविणे हा तिचा घोषित हेतू होता. १९७० मध्ये ती न्यू मेक्सिको विद्यापीठाशी जोडली गेली. तेथून शिकलेल्या मुद्रकांनी अमेरिकेत अनेक ठिकाणी नव्या कार्यशाळा उघडल्या.

भारत

भारतात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये गोव्यात आले. चित्रांच्या मुद्रणाला गती मिळाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. इंग्रज चित्रकार टॉमस डॅनियल याने १७८६ ते १७८८ या काळात कोलकात्याच्या दृश्यांची अम्लरेखने तेथेच छापली. १८१६ मध्ये गंगाकिशोर भट्टाचार्य यांनी प्रसिद्ध केलेला ‘अन्नदामंगल’ हा पहिला सचित्र बंगाली ग्रंथ मानला जातो. कोलकात्याच्या बटतला भागात पुढे काष्ठठशांची बाजारपेठ बहरली. १८७८ मध्ये अन्नदाप्रसाद बागची यांनी कलकत्ता आर्ट स्टुडिओची स्थापना केली आणि तेथून देवदेवतांचे शिळाछाप निघू लागले.

कलावंताने स्वतःच्या अभिव्यक्तीसाठी मुद्राचित्र करावे हा विचार बंगालमध्ये विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रुजला. गगनेंद्रनाथ ठाकूर यांनी आपली व्यंगचित्रे १९१७ च्या सुमारास शिळाछापाच्या रूपात प्रसिद्ध केली. १९१९ मध्ये सुरू झालेल्या शांतिनिकेतन येथील कलाभवनात नंदलाल बोस यांनी मुद्राचित्रणाला अभ्यासक्रमात स्थान दिले. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘सहज पाठ’ या १९३० मधील बालपुस्तकातील नंदलालांची लिनोकट चित्रे सर्वपरिचित आहेत. चित्तप्रसाद (१९१५–१९७८) यांनी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाची रेखाटने केली आणि नंतर मुंबईत राहून लिनोकट या स्वस्त, सहज छापता येणाऱ्या माध्यमात श्रमिकांचे जीवन चितारले. सोमनाथ होर (१९२१–२००६) यांनी १९७० च्या दशकात कागदाच्या लगद्यापासून केलेल्या ‘जखमा’ या मालिकेत शाईचा वापरही वर्ज्य केला.

आतलिए १७ शी भारतीयांचा निकटचा संबंध आला. शांतिनिकेतनात शिकलेले कृष्ण रेड्डी (१९२५–२०१८) आणि मुंबईत जन्मलेले, सर ज. जी. कला विद्यालयात शिकलेले कायको मोती यांनी तेथे एकाच पत्र्यावरून एकाच वेळी अनेक रंग छापण्याच्या पद्धतीवर काम केले. पत्र्यावर वेगवेगळ्या खोलीचे स्तर करून त्यांवर कमी-अधिक तेल असलेल्या शाया कठीण आणि मऊ रुळांनी लावल्या जातात. कठीण रूळ वरच्या स्तरालाच स्पर्श करतो, मऊ रूळ खोल भागातही पोहोचतो. पातळ शाईवर दाट शाई बसत नसल्याने रंग एकमेकांत मिसळत नाहीत. कृष्ण रेड्डी पुढे या कार्यशाळेचे सहसंचालक झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विभागात ना. भि. जोगळेकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुद्राचित्रणाचे शिक्षण सुरू झाले. ज्योती भट्ट हे त्या परंपरेतील महत्त्वाचे मुद्राचित्रकार होत. दिल्लीत जगमोहन चोप्रा यांनी १९६८ मध्ये ‘ग्रूप ८’ ही मुद्राचित्रकारांची संघटना उभी केली. ललित कला अकादमीने १९७६ मध्ये दिल्लीच्या गढी येथे सामायिक कार्यशाळा उघडली. भोपाळचे भारत भवन (१९८२), अहमदाबादचे कनोरिया कला केंद्र (१९८४) आणि बडोद्यातील ‘छाप’ (१९९९) येथेही मुद्राचित्रकारांना यंत्रे उपलब्ध झाली.

महाराष्ट्र

महाराष्ट्रात चित्र व अक्षर कोरण्याच्या कौशल्याचा मुद्रणाशी संबंध पेशवाईच्या अखेरीस आला. नाना फडणवीस यांच्या काळात पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने एका तांबट कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरण्याचे काम आरंभिले. नानांच्या निधनानंतर हा कारागीर मिरजेस गेला आणि तेथे पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून मुद्रणविद्या आत्मसात केली, स्वतःचे शिळायंत्र उभारले, शाई स्वतः तयार केली आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा स्थापन झाली. येथून निघालेले रामपंचायतन, नाना फडणवीस आदींचे शिळाछाप महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले.

१८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी आपले बंधू सी. राजराजा वर्मा यांच्यासह मुंबईत शिळामुद्रणालय सुरू केले. जर्मन यंत्रे आणि जर्मन तंत्रज्ञ यांच्या मदतीने तेथे रविवर्म्यांच्या तैलचित्रांचे बहुरंगी छाप निघू लागले. पुढे हे मुद्रणालय लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने ते विकत घेतले. म. वि. धुरंधर यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रेही तेथे छापली गेली. १९७२ मधील आगीत या मुद्रणालयाचे मोठे नुकसान झाले.

१९६९ मध्ये अकबर पदमसी यांनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केले. चित्रकार, छायाचित्रकार आणि चित्रपटकर्ते यांनी एकमेकांची माध्यमे हाताळावीत हा त्यामागील हेतू होता. सर ज. जी. कला विद्यालयात मुद्राचित्रणाचे शिक्षण दिले जाते.

कलाशिक्षण आणि अभ्यासभेटी

मुद्राचित्रणाचे ज्ञान ग्रंथांतून अंशतःच मिळते. पत्र्यावरची शाई किती पुसावी, दगडावर डिंकाचे मिश्रण किती वेळ ठेवावे, रुळाखाली दाब किती द्यावा हे डोळ्यांनी, कानांनी आणि बोटांनी ओळखावे लागते. शाईचा थर योग्य पसरला असता रूळ फिरताना होणारा बारीक चरचर आवाज मुद्रक ओळखतात; शाई जास्त झाल्यास तो बदलतो. त्यामुळे कार्यशाळांना प्रत्यक्ष भेट देणे, तेथे काही काळ राहून काम करणे आणि एकाहून अधिक मुद्रकांची रीत पाहणे, हा या शिक्षणाचा जुना भाग आहे.

धुंडिराज गोविंद फाळके (दादासाहेब फाळके) यांचे शिक्षण याचे महाराष्ट्रातील उल्लेखनीय उदाहरण होय. १८८५ मध्ये त्यांनी सर ज. जी. कला विद्यालयात प्रवेश घेतला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रण यांचा अभ्यास केला. तीन रंगांचे ठसे आणि प्रकाश-शिळामुद्रण शिकण्यासाठी ते रतलाम येथे गेले. रविवर्मा मुद्रणालयासाठीही त्यांनी काम केले. १९०८ मध्ये लोणावळ्यास त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, तो नंतर दादर येथे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ या नावाने चालला. १९०९ मध्ये रंगीत मुद्रणाची यंत्रे पाहण्यासाठी व घेण्यासाठी ते जर्मनीस गेले. भागीदारांशी मतभेद होऊन मुद्रणव्यवसाय सोडल्यानंतर त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) हा चित्रपट निर्माण केला. रसायने, प्रकाश आणि पुनरुत्पादन यांची जी जाण चित्रपटासाठी आवश्यक होती, ती त्यांना मोठ्या प्रमाणात छापखान्यांतून मिळाली होती.

बंगालमधील मुकुल डे (१८९५–१९८९) यांचा प्रवास दुसऱ्या प्रकारचा आहे. १९१६ मध्ये ते रवींद्रनाथांसमवेत जपानला आणि तेथून अमेरिकेस गेले. शिकागो येथे त्यांनी अम्लरेखन शिकून घेतले. मुद्राचित्रण शिकण्यासाठी परदेशी गेलेले ते पहिले भारतीय कलावंत मानले जातात. पुढे लंडनमध्ये त्यांनी शिक्षण पुरे केले आणि १९२८ मध्ये ते कोलकात्याच्या सरकारी कला विद्यालयाचे प्राचार्य झाले. अजिंठा आणि बाघ येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी केलेल्या प्रवासांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला आहे.

आजच्या अभ्यासभेटींत सामान्यतः दोन प्रकारची ठिकाणे पाहिली जातात.

कलावंतांच्या कार्यशाळेत विद्यार्थी एका चित्राच्या क्रमवार कच्च्या प्रती पाहतो. पहिल्या प्रतीपासून मान्य झालेल्या प्रतीपर्यंत कलावंताने काय बदलले, कोणती रेष खोल केली, कोणती घासून काढली हे त्यांवरून समजते. संग्रहालयाच्या भिंतीवर टांगलेल्या अंतिम प्रतीत ही वाटचाल दिसत नाही. कागदाची निवड, रंगांची जुळणी करण्यासाठी लावलेल्या खुणा आणि वाया गेलेल्या प्रतींची संख्या याही गोष्टी तेथेच कळतात.

व्यापारी छापखान्यात ऑफसेट यंत्रावर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांतून सर्व रंग कसे साधले जातात ते दिसते. भिंगातून पाहिल्यास छापील छायाचित्राचे ठिपके मोजता येतात, तर हाताने काढलेल्या शिळाछापात खडूचे अनियमित कण दिसतात. मूळ मुद्राचित्र आणि छापील प्रतिकृती यांतील फरक ओळखण्याचा हा प्राथमिक पाठ होय. ऑफसेट मुद्रण हे शिळामुद्रणाचेच यांत्रिक रूप आहे. दगडाऐवजी धातूची पातळ तबकडी येते आणि प्रतिमा प्रथम रबरी आवरणावर व तेथून कागदावर जाते. दोन वेळा उलटल्यामुळे ती तबकडीवर सरळच असते.

खिळ्यांचे मुद्रण करणारे छापखाने आता तुरळक राहिले आहेत. जेथे ट्रेडल यंत्र शिल्लक आहे तेथे बहुधा पावतीपुस्तके, पाकिटे किंवा लग्नपत्रिका छापल्या जातात, अथवा क्रमांक टाकणे आणि कागदावर घडीच्या रेघा पाडणे अशी कामे होतात. देवनागरीत जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या यांमुळे खिळ्यांच्या खणांची संख्या रोमन लिपीच्या तुलनेत फार मोठी असते. तो पसारा न पाहता उलटी अक्षरे वाचत ओळ जुळविणाऱ्या जुळाऱ्याचे कौशल्य अक्षररचनेच्या विद्यार्थ्याला अक्षरांमधील मोकळ्या जागेचे महत्त्व शिकविते, कारण येथे ती मोकळी जागाही धातूच्या तुकड्याने भरावी लागते.

मूळ कृती, आवृत्ती आणि प्रतिकृती

एकाच ठशाच्या अनेक प्रती निघत असल्याने मुद्राचित्राला मूळ कलाकृती मानावे काय, हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने याबाबत काही निकष मांडले. प्रतींची संख्या ठरविण्याचा अधिकार कलावंताचा आहे, मूळ पृष्ठभाग त्याने स्वतः तयार केलेला असावा आणि प्रत्येक प्रतीवर त्याची सही व क्रमांक असावा, असे त्यांचे सार होते.

प्रचलित रीतीनुसार चित्राच्या खाली पेन्सिलीने प्रतीचा क्रमांक आणि एकूण संख्या अपूर्णांकाप्रमाणे लिहितात. उदाहरणार्थ, ५/२५ म्हणजे पंचवीस प्रतींपैकी पाचवी प्रत. कलावंताने स्वतःसाठी राखलेल्या मोजक्या प्रतींवर तशी वेगळी नोंद असते. आवृत्ती पूर्ण झाल्यावर पत्र्यावर आडव्या रेघा मारून किंवा दगड घासून पुढील छपाई अशक्य केली जाते.

संगणकावरून छापलेल्या आणि चित्रकाराने सही केलेल्या तैलचित्रांच्या प्रतिकृती बाजारात ‘मर्यादित आवृत्ती’ या नावाने विकल्या जाऊ लागल्यापासून हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. अशा प्रतिकृतीत मुद्रणाचा पृष्ठभाग कलावंताने घडविलेला नसतो. मुद्राचित्राची किंमत मूळ तैलचित्रापेक्षा कमी असल्याने मध्यमवर्गीय ग्राहकाला ते परवडते. परंतु त्याला हा फरक सांगितला गेला नाही, तर प्रतिकृतीलाच तो मुद्राचित्र समजतो आणि हाताने केलेल्या कामाचे मूल्य घटते. याउलट, संगणकावरच रचलेली आणि केवळ छापील रूपातच अस्तित्वात असलेली प्रतिमा मुद्राचित्र मानावी, असे मत मांडणारे कलावंतही आहेत.

आरोग्य आणि सुरक्षितता

जुन्या कार्यशाळांतील अनेक पदार्थ आरोग्यास घातक आहेत. नायट्रिक अम्लाची धातूवर क्रिया होताना विषारी वायू बाहेर पडतो. राळेची पूड श्वासनलिकेस त्रासदायक असून हवेत पसरल्यास पेट घेऊ शकते. रॉकेल व टर्पेंटाइन यांसारख्या विद्रावकांचा दीर्घ संपर्क त्वचा व मज्जासंस्थेस अपायकारक ठरतो. अम्ल पातळ करताना पाण्यात अम्ल घालावे, अम्लात पाणी घालू नये, हा कार्यशाळेतील पहिला नियम असतो.

तांब्यासाठी नायट्रिक अम्लाऐवजी फेरिक क्लोराइड वापरणे, शाई काढण्यासाठी खाद्यतेल वापरणे, जाळीमुद्रणात पाण्यात विरघळणाऱ्या शाया घेणे आणि अम्लाच्या हौदावर धूर खेचणारे पंखे बसविणे हे उपाय आता रूढ होत आहेत. वापरलेली अम्ले तशीच गटारात न सोडता ती निष्प्रभ करून व त्यांतील धातू वेगळे काढून त्यांची विल्हेवाट लावणे आवश्यक असते.

सद्यस्थिती

मुद्राचित्र कार्यशाळांपुढील मुख्य अडचण जागेची आणि यंत्रांची आहे. अम्लरेखनाचे दाबयंत्र जड आणि महाग असते; ते वरच्या मजल्यावरील छोट्या सदनिकेत ठेवणे कठीण जाते. परिणामी कलामहाविद्यालयातून बाहेर पडताच अनेक पदवीधरांचा यंत्राशी संबंध तुटतो आणि ते चित्रकला, उपयोजित कला किंवा अध्यापन यांकडे वळतात. सामायिक कार्यशाळा दिवसाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने यंत्र वापरू देतात, ते या कारणासाठी. काही कलावंत लहान दाबयंत्रे बनवून घेतात किंवा यंत्राविना छापता येणाऱ्या काष्ठठसा व लिनोकट या माध्यमांकडे परततात.

शिळामुद्रणाची स्थिती अधिक नाजूक आहे. जुन्या छापखान्यांनी ऑफसेट यंत्रे घेतल्यावर त्यांच्याकडील दगड निरुपयोगी ठरले. काही दगड कलाविद्यालयांकडे आले, पुष्कळसे फरशी किंवा पायरी म्हणून वापरले गेले. दगड मिळाला तरी तो हाताळू शकणारा मुद्रक मिळेलच असे नसते. हे कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे प्रत्यक्ष कामातूनच जात असल्याने मधली एक पिढी तुटल्यास ते नव्याने उभे करणे अवघड होते. टॅमरिंड कार्यशाळेची स्थापना याच अनुभवातून झाली होती.

हेही पाहा

अम्लरेखन
काष्ठठसा
चित्रशाळा, पुणे
दादासाहेब फाळके
राजा रविवर्मा
शिळामुद्रण
सर ज. जी. कला विद्यालय